बांध नसलेल्या शेतांचे गाव

इंग्लंडमधील खेड्यांविषयी गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे पुणे शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक पत्रे फिरून फिरून एकाच गावापाशी येतात. ते गाव म्हणजे नॉटिंगहॅमशर परगण्यातील लॅक्स्टन. म्हणून या वेळचे सदर त्या एका गावासाठी राखून ठेवले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलाकडे नॉटिंगहॅमला तीन महिने राहून नुकतेच परत आलो. एका रविवारी तो आम्हां उभयतांना लॅक्स्टनला घेऊन गेला. गावात एक चर्च, एक पब आणि विटांची कौलारू घरे. पण गावाबाहेर पडल्यावर नजर पोहोचेल तिथवर शेत दिसले आणि त्यात ना कुंपण, ना बांध, ना झाडांची रांग. हे शेत एकाचे नसून अनेकांचे आहे आणि असे गाव इंग्लंडमध्ये दुसरे उरलेले नाही, असे मुलगा म्हणाला. हे कितपत खरे आहे?
(निवृत्त शिक्षक, कोथरूड)

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी सांगितले ते खरे आहे, आणि आई-वडिलांना हे गाव दाखवावे असे त्यांना सुचले याचे मला मनापासून कौतुक वाटते. लॅक्स्टन हे नॉटिंगहॅमच्या ईशान्येला, शेरवूडच्या जुन्या अरण्यप्रदेशाच्या पूर्वेकडील अंगाला वसलेले आहे. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजा विल्यमने १०८६ साली देशाची जी पाहणी करवली, तिच्या दप्तरात या गावाची नोंद सापडते. गावाच्या उत्तरेला मातीचा एक उंच टेकाड आहे, तो नॉर्मन काळातील गढीचा अवशेष होय. त्या गढीच्या धन्याकडे शेरवूडच्या राजअरण्याची राखण होती. पण गढ्यांचे अवशेष इंग्लंडभर आहेत. लॅक्स्टनची खरी दौलत आपण पाहिलेल्या त्या उघड्या शेतात आहे.

मध्ययुगात मध्य इंग्लंडमधील बहुतेक गावांची शेती अशीच होती. गावाची पिकाऊ जमीन दोन किंवा तीन अफाट शेतांत विभागलेली असे. लॅक्स्टनमध्ये आज अशी तीन शेते आहेत : वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. या तिन्ही शेतांचे क्षेत्र मिळून सुमारे ४८० एकर भरते. प्रत्येक शेत लांबच लांब, अरुंद पट्ट्यांत वाटलेले असते आणि एका कुळाचे पट्टे एका जागी नसून तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. एका वर्षी एका शेतात शरद ऋतूत पेरलेला गहू असतो, दुसऱ्या शेतात वसंतात पेरलेले बार्लीसारखे पीक असते आणि तिसरे शेत पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे पडीक ठेवले जाई. पुढच्या वर्षी हा फेरा एका घराने पुढे सरकतो. तिसऱ्या वर्षीच्या शेतात आता पडीकऐवजी जनावरांसाठी गवत-चारा घेतात, पण तीन वर्षांचा फेरा मोडलेला नाही.

या व्यवस्थेचे मर्म असे की, आपल्या पट्ट्यात काय पेरायचे हे कोणा एकाच्या मर्जीवर नसे. पीक निघाल्यावर त्या शेतात सगळ्या गावाची गुरे-मेंढरे मोकळी चरायला सुटत, त्यामुळे पेरणी आणि काढणी सगळ्यांची बरोबरच व्हायला हवी. एकाने मनाला येईल ते पीक उशिरा घेतले असते, तर गावाची चराई अडली असती किंवा त्याचे उभे पीक गुरांनी खाल्ले असते. पट्टे विखुरलेले ठेवण्यातही शहाणपण होते. हलकी आणि भारी, पाणथळ आणि निचऱ्याची, गावालगतची आणि लांबची अशी सगळ्या प्रतीची जमीन थोडी थोडी सगळ्यांच्या वाट्याला येई. गारपिटीने एक बाजू झोडपली तरी कोणाचे सारेच पीक एकदम बुडत नसे.

पट्टे लांब आणि अरुंद का, याचे कारण आपल्याकडील जुन्या शेतकऱ्याला न सांगता कळेल. बैलांच्या जोड्यांनी ओढायचा जड नांगर वळवणे हे नांगरटीतले सर्वांत जिकिरीचे काम, म्हणून एकदा तास (नांगराची सरी) धरला की जितके लांब जाता येईल तितके बरे. इंग्रजीतील ‘फर्लाँग’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘तासाची लांबी’ असाच आहे. ही लांबी ६६० फूट आणि पट्ट्याची रुंदी ६६ फूट धरली की होते एक एकर. एका दिवसात नांगरून व्हावी इतकी ती जमीन मानली जाई. हे ६६ फूट म्हणजे बावीस यार्ड, म्हणजेच क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी. पुढे १८३५-३६ मध्ये आपल्या इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी पाहणी सुरू केली, तिच्यातून एकर आणि गुंठा ही मापे इकडे रुळली. आपली मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा. इंग्लंडमधील तो एक एकराचा पट्टा आपल्या साखळीने मोजला तर लांबीत वीस आणि रुंदीत दोन साखळ्या भरतो, म्हणजे बरोबर चाळीस गुंठे. आपल्या घरच्या जुन्या सातबाऱ्यावर ‘एकर-गुंठे’ असे जे लिहिलेले असते, त्याच्या मुळाशी लॅक्स्टनसारख्या गावातील नांगराचा तास आहे, ही गोष्ट मला स्वतःला जेव्हा प्रथम कळली, तेव्हा कितीतरी दिवस तिने मनात घर केले होते.

आता ‘दुसरे गाव नाही’ याविषयी. पट्टे असलेली उघडी शेते इंग्लंडमध्ये तुरळक ठिकाणी अजून दिसतात. डेव्हन परगण्यातील ब्रॉन्टनचे मोठे शेत हे त्यांपैकी एक. पण पट्टे, तीन शेतांचा फेरा आणि त्यावर देखरेख करणारी गावाची न्यायसभा ही तिन्ही अंगे एकत्र आणि चालू स्थितीत असलेले गाव लॅक्स्टनच. त्याची साक्ष देणारा नकाशाही उपलब्ध आहे. सर विल्यम कोर्टेन या लंडनच्या व्यापाऱ्याने हे गाव विकत घेतल्यावर १६३५ साली मार्क पीअर्स या मोजणीदाराकडून पट्ट्यापट्ट्याचा नकाशा काढून घेतला. तो आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यावर मोजणीदाराने नांगरणारे, कापणी करणारे आणि शिकारीला निघालेले लोक इतक्या बारकाईने रंगवले आहेत की, मोजणीच्या कामाचा कागद आहे हे क्षणभर विसरायला होते.

प्रश्न : आमची जमीन शिरूर तालुक्यात आहे. बांध असूनही शेजारी दरवर्षी नांगरताना एक-दोन तास आमच्यात सरकतो. मोजणी आणावी तर वर्ष जाते आणि दावा लावावा तर आयुष्य जाते. जिथे बांधच नाही, तिथे हद्द राखतात तरी कशी?
(शेतकरी, सध्या मुक्काम हडपसर)

उत्तर : आपले पत्र वाचताना माझ्या लहानपणचे दिवस आठवले. आमच्या गावीही बांध कोरल्यावरून दोन सख्ख्या भाऊबंदांच्या घरांत वीस वर्षे बोलणे नव्हते, आणि ज्या जमिनीसाठी ते नव्हते ती मोजली तर अर्धा गुंठासुद्धा भरली नसती. त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर मी थोडे सविस्तर देतो.

लॅक्स्टनमध्ये दोन पट्ट्यांच्या मध्ये बांध नसतो, नुसती नांगराची सरी असते. ती सरकवण्याचा मोह इंग्लंडच्या शेतकऱ्यालाही होतोच. माणूस इथून तिथून सारखा. पण तिथे दरवर्षी, न चुकता, नोव्हेंबरच्या अखेरीस, म्हणजे नुकताच गहू पेरून झालेला असताना, गावातील शेतकऱ्यांतूनच नेमलेले पंच त्या वर्षीच्या गव्हाच्या शेतात उतरतात. त्यांच्याबरोबर लाकडी खुंट्या आणि त्या ठोकायला हातोडा असतो. ते प्रत्येक पट्ट्याची टोके पाहतात, जुन्या खुणा शोधतात, जिथे खूण हरवली असेल तिथे नव्याने खुंटी ठोकतात. कोणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात, गाडीवाटेत किंवा सामाईक गवताळ जागेत नांगर घातला असेल तर ते तिथल्या तिथे लिहून घेतात. या गवताळ जागांना तिथे ‘साइक’ म्हणतात. शेतांमधील सखल, ओलसर, नांगराला न येणारे हे तुकडे आहेत, आणि शतकानुशतके नांगर न लागल्याने तिथली रानफुले व गवते इतकी टिकून आहेत की, निसर्गाच्या दृष्टीनेही त्यांना सरकारी संरक्षण मिळाले आहे. साइकवरील गवताचा दर उन्हाळ्यात गावातच लिलाव होतो.

पाहणीनंतर आठवडाभराने ‘कोर्ट लीट’ भरते. ही जमीनदाराच्या नावाने भरणारी, पण चालते ती गावकऱ्यांच्या साक्षीने, अशी मध्ययुगीन न्यायसभा आहे. ती भरते गावातील डव्हकोट इन या पबमध्ये. जमीनदाराचा कारभारी अध्यक्षस्थानी असतो, पंच शपथेवर आपला अहवाल मांडतात आणि ज्याने मर्यादा ओलांडली असेल त्याला दंड करतात. दंडाची रक्कम आपल्याला क्षुल्लक वाटेल. तिचा धाक पैशांत नाही; ज्यांच्याबरोबर उद्या सकाळी त्याच शेतात उभे राहायचे, त्या सगळ्यांच्या देखत आपले नाव वाचले जाणे ही खरी शिक्षा असते. त्याच सभेत पुढच्या वर्षीच्या शेतासाठी नवे पंच नेमून त्यांना शपथ दिली जाते. आज जो पंच आहे, त्याच्या पट्ट्याची पाहणी उद्या दुसरा पंच करणार असतो, त्यामुळे कोणालाही डोळेझाक करणे परवडत नाही.

ही नुसती जत्रेसारखी जपलेली हौस आहे असे मात्र समजू नये. इंग्लंडमधील अशा जुन्या सभांचे न्यायाधिकार १९७७ च्या कायद्याने काढून घेतले, परंतु लॅक्स्टनमध्ये उघड्या शेतांची व्यवस्था खरोखर चालू असल्यामुळे तिथल्या कोर्ट लीटला त्यातून वगळले. आपल्याकडेही पाटील, कुलकर्णी आणि चार जाणती माणसे बांधावर उभी राहून हद्दीचा निवाडा करीत; जुन्या कागदपत्रांत अशा गोतसभांचे निवाडे शेकड्याने सापडतात. तेव्हा ती कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्याकडे निवाडा तंटा झाल्यावर होत असे आणि लॅक्स्टनमध्ये तंटा होण्याआधी, दरवर्षी, तक्रार असो वा नसो, पाहणी होते. माझ्या मते सगळे बळ या ‘दरवर्षी’त आहे. एका वर्षात सरी सरकते ती वीतभर. वीतभर असतानाच ती जागेवर आणता येते, आणि वीस वर्षे कोणी पाहिलेच नाही तर तिचा दावा होतो.

आपल्याकडील ‘कोंडवाडा’सुद्धा तिथे आहे, हे जाता जाता सांगतो. मोकाट सुटून पिकात शिरलेले जनावर कोंडून ठेवायची दगडविटांची जागा आणि तिची राखण करणारा गावचा नेमलेला माणूस, ही योजना दोन्हीकडे तंतोतंत सारखी आहे.

प्रश्न : इंग्लंडमधील खेडे म्हटले की हिरव्या झुडपांच्या कुंपणांनी आखलेली छोटी छोटी शेते डोळ्यांसमोर येतात. तीच जुनी रचना असेल असे मला वाटत होते. लॅक्स्टन जर जुने, तर ही कुंपणे केव्हाची? आणि एकटे लॅक्स्टनच कसे वाचले?
(इतिहासाची विद्यार्थिनी, शिवाजीनगर)

उत्तर : कुंपणांची ती रचना सगळीकडे सारख्या वयाची नाही. डेव्हन, केंट यांसारख्या भागांत ती खरोखरच फार जुनी आहे. परंतु मध्य इंग्लंडमधील सरळ रेषेत आखलेली बरीचशी कुंपणे अडीचशे वर्षांच्या आतली आहेत आणि ती ‘एन्क्लोजर’ या घडामोडीतून उभी राहिली. उघड्या शेतांतील विखुरलेले पट्टे आणि सामाईक कुरणे मोडायची, प्रत्येक मालकाला एका जागी सलग जमीन द्यायची आणि तिला कुंपण घालायचे, असा तो बदल होता. सुरुवातीला तो गावापुरत्या करारांनी झाला. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पार्लमेंटच्या कायद्यांनी त्याला वेग आला. १६०४ ते १९१४ या काळात अशी ५,२०० हून अधिक विधेयके आली आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्राचा पाचव्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग, त्यांखाली गेला.

शेतीचे उत्पन्न यामुळे वाढले, हे बहुतेक इतिहासकार मान्य करतात. सलग जमिनीत निचरा काढणे, नवी पिके घेणे, जनावरांची पैदास सुधारणे सोपे गेले. तोटा सोसला तो ज्याच्याकडे जमीन नव्हती किंवा नावापुरती होती त्याने. गायरानात एक गाय, दोन-चार मेंढ्या, पडीक जमिनीतले सरपण आणि काढणीनंतर वेचलेली कणसे यांवर ज्यांचे घर चालत होते, त्यांच्या हाती कागदावर सिद्ध करता येईल असा हक्क बहुधा नव्हताच. वाटणी कागदाप्रमाणे झाली. कुंपण घालण्याचा खर्चही मालकानेच करायचा असल्याने ज्याला थोडी जमीन मिळाली, त्याला ती विकून मजुरीला जावे लागले, अशीही उदाहरणे आहेत. आपल्या गावांतील गायराने गेल्या पन्नास वर्षांत ज्या वेगाने आकसली, ते पाहिलेल्या माणसाला हा इतिहास दूरचा वाटू नये.

या बदलाने गावाचे रूपसुद्धा पालटले. जमीन विखुरलेली असताना सगळ्या शेतकऱ्यांची घरे गावठाणातच असत, कारण तीन दिशांच्या तीन शेतांना गाव हेच मध्यावर पडे. सलग जमीन मिळाल्यावर मोठे शेतकरी आपापल्या शेतात घर बांधून राहायला गेले, जसे आपल्याकडे विहीर-मळा झाल्यावर लोक वस्तीवर राहायला जातात. लॅक्स्टनमध्ये मात्र आजही शेतकऱ्यांचे वाडे गावाच्या रस्त्यालाच लागून आहेत. घराची अरुंद बाजू रस्त्याकडे, बाजूला आवार आणि गोठे, मागे परसाची लांब चिंचोळी पट्टी. गावातून चालताना दिसणारी ही रांग म्हणजे गावाबाहेरच्या शेतांचेच दुसरे रूप आहे.

लॅक्स्टन वाचले ते कोणी ठरवून वाचवले म्हणून नव्हे; निदान आरंभी तरी नाही. तिथेही काही जमिनीला कुंपणे पडली आणि पूर्वी असलेले चौथे शेत मोडले. उरलेल्या शेतांत दोन मोठ्या जमीनदार घराण्यांच्या जमिनी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या होत्या की, वाटाघाटी लांबत गेल्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात धान्याचे भाव कोसळले, तेव्हा कुंपणावर खर्च करण्यात कोणालाच फायदा उरला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अर्ल मॅन्व्हर्स या जमीनदाराने मोडण्याऐवजी डागडुजी केली : अनेक लहान पट्टे जोडून थोडे मोठे केले, पण ते विखुरलेलेच ठेवले. त्यामुळे १६३५ च्या नकाशातील पट्ट्यांपेक्षा आजचे पट्टे संख्येने पुष्कळ कमी आणि आकाराने मोठे आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. १९५२ साली त्या घराण्याने हे गाव सरकारच्या शेती मंत्रालयाला विकले, ते शेतीची पद्धत जपली जावी या हेतूने. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजपदाच्या नावे असलेल्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे गेले आणि २०२० मध्ये मॅन्व्हर्स घराण्याच्याच थोर्झबी इस्टेटकडे परत आले.

प्रश्न : लॅक्स्टनच्या पट्ट्यांचे एवढे कौतुक कशासाठी? विखुरलेले तुकडे हा तर आपल्या शेतीचा शाप मानला जातो. आमचे आजोबा सांगत की, आमच्या गावात एका भावाच्या वाट्याला तीन ठिकाणी जमीन येई आणि ती कसण्यापेक्षा तिथवर जाण्यातच दिवस मोडे.
(वाचक, पिंपळे सौदागर)

उत्तर : हा प्रश्न पिंपळे सौदागरमधूनच यावा, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. जमिनीच्या तुकड्यांविषयी भारतात जो अभ्यास सर्वांत जास्त उद्धृत झाला, त्यातला एक आपल्याच गावाचा आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या गावाची घर आणि शेत असे करून पाहणी केली व ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १७७१ मध्ये तिथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५ मध्ये ती ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदारांमध्ये जमिनीचे ७२९ वेगवेगळे तुकडे होते. त्यांतले ४६३ एक एकराहून लहान आणि २११ तर पाव एकराहूनही लहान. आज तिथे उंच इमारती आणि वाहनांची वर्दळ आहे; त्या जागी मुळा आणि पवनेच्या मधल्या एका खेड्यातील शेतकरी पाव पाव एकर कसत होता, हे सांगितले तर तिथे नव्याने राहायला आलेल्या मुलांना खरे वाटणार नाही.

आता मूळ प्रश्न. लॅक्स्टनचे पट्टे आणि पिंपळे सौदागरचे तुकडे दिसायला सारखे, पण त्यांचा जन्म वेगळा आहे. आपल्याकडे तुकडे वारसाहक्काने पडले. प्रत्येक पिढीने प्रत्येक प्रतीच्या जमिनीत भावाभावांचे समान वाटे केले, आणि ते करताना मनात न्यायाचीच भावना होती. लॅक्स्टनमध्ये जमीन जमीनदाराची, शेतकरी हे तिचे कूळ. कुळाच्या पश्चात त्याची जमीन, पट्ट्यांसह, एक शेत म्हणून अखंड पुढच्या कुळाकडे जाते. ती मुलांमध्ये वाटली जात नाही. धाकट्या मुलांना गाव सोडून दुसरा व्यवसाय धरावा लागे. म्हणजे तिथे पट्टे टिकले ते जमीन अखंड राहिली म्हणून, आणि त्याची किंमत धाकट्यांनी मोजली. आपण भावांना समान लेखले आणि त्याची किंमत जमिनीने मोजली. यातले एक चूक आणि एक बरोबर असे म्हणण्याचे धाडस माझ्याने होणार नाही.

दुसरा भेद असा की, आपल्याकडे तुकड्यांवर सामाईक नियम उरला नाही. एका तुकड्यात ऊस, शेजारच्यात ज्वारी, पलीकडे पडीक. पाणी, वाट, राखण या प्रत्येक गोष्टीत तंटा. उघड्या शेताची पद्धत नियमाशिवाय चालूच शकत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर जिल्ह्यातील अनेक गावांत जमिनी जोडून दिल्या गेल्या आणि ‘सर्व्हे नंबर’च्या जागी ‘गट नंबर’ आले, तो एका अर्थाने आपला ‘एन्क्लोजर’चा प्रयत्न होता. तो अर्धा का राहिला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

प्रश्न : इंग्लंडमध्ये ‘ग्रेट’ अमुक आणि ‘लिटल’ अमुक अशी जोडगावे का असतात? तसेच गावांच्या नावांअखेरीस ‘टन’ कशाचा?
(गृहिणी, वडगाव बुद्रुक)

उत्तर : आपल्या पत्त्यातच उत्तर आहे. आपण वडगाव बुद्रुकला राहता आणि जवळच वडगाव खुर्द आहे. ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’चे, म्हणजे थोरल्याचे रूप, आणि ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. इंग्लंडमध्येही एकाच नावाच्या दोन वस्त्या झाल्या की ‘ग्रेट’ आणि ‘लिटल’ लावीत. दप्तरे लॅटिनमध्ये लिहिली जात असल्याने काही ठिकाणी त्याचे ‘मॅग्ना’ आणि ‘पार्व्हा’ झाले. लेस्टरशरमध्ये ॲशबी मॅग्ना आणि ॲशबी पार्व्हा आहेत. गावाचे नाव स्थानिक आणि विशेषण दप्तराच्या भाषेतील, हाही प्रकार दोन्हीकडे सारखाच. ‘टन’ हा जुन्या इंग्रजीतील ‘तून’, म्हणजे कुंपणातील शेतवाडी किंवा वस्ती. लॅक्स्टन म्हणजे लेक्सा नावाच्या कोणा माणसाची वाडी असा अर्थ लावतात.

प्रश्न : तिथल्या खेड्यात ग्रामपंचायत असते का? की चर्चच कारभार पाहते?
(माजी सरपंच, भोर तालुका)

उत्तर : शेकडो वर्षे खेड्याचा कारभार चर्चभोवतीच चाले. ‘पॅरिश’ म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील गाव. तिथल्या बाप्तिस्मा-विवाह-दफनाच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ साली निघाला आणि १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाचा भारही पॅरिशवर टाकला. त्यासाठी गावातूनच कर गोळा होई. १८९४ च्या कायद्याने धर्माबाहेरचा कारभार चर्चपासून वेगळा काढून निवडून दिलेल्या पॅरिश कौन्सिलकडे सोपवला. या कौन्सिलचे अधिकार आपल्या ग्रामपंचायतीच्या मानाने बरेच मर्यादित असतात. स्मशानभूमी, मैदान, पायवाटा, बसथांबा, गावातील बांधकामांवर मत देणे अशी कामे ती पाहते. लॅक्स्टनमध्ये ही कौन्सिल आणि शेतांपुरती कोर्ट लीट अशी दुहेरी व्यवस्था आहे.

प्रश्न : पुढल्या वर्षी मुलीच्या पदवीदान समारंभासाठी इंग्लंडला जायचे आहे. लॅक्स्टन पाहायचे तर केव्हा आणि कसे?
(डॉक्टर दांपत्य, औंध)

उत्तर : पदवीदान बहुधा जुलैत असते आणि ते दिवस चांगले आहेत. गहू पिकत आलेला असतो, साइकवर गवत उंच झालेले असते किंवा नुकतेच कापलेले असते. पाहणीचे आणि कोर्टाचे दिवस नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या आरंभी येतात, पण तेव्हा अंधार लवकर पडतो आणि चिखल फार असतो. जवळची मोठी रेल्वेस्थानके न्यूआर्क आणि रेटफर्ड. तिथून गाडी करावी लागेल. पबच्या आवारात गावाची माहिती देणारे लहानसे दालन आहे, ते आधी पाहावे आणि मग चर्चवरून गढीच्या टेकाडाकडे जावे. गावाच्या जवळच १९९५ मध्ये उभारलेले, ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणारे राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्यासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवावा.

शेतांतून जाणाऱ्या वाटा सर्वांना खुल्या आहेत. दोन पट्ट्यांमधली सरी मात्र वाट म्हणून वापरू नये. ती कोणाची तरी हद्द आहे. साइकच्या कडेने चालत गेल्यास वेस्ट फील्डच्या चढावर एक जागा अशी येते की, तिथून खालचे सगळे पट्टे, त्यांच्यामधील गाडीवाटा आणि पलीकडे चर्चचा मनोरा एका नजरेत दिसतो. एखाद्या पट्ट्याच्या टोकाशी गवतात नीट पाहिलेत, तर गेल्या खेपेस पंचांनी ठोकलेली खुंटीही सापडेल. ती हलवू नये.